मागून येणाऱ्यासाठी

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही कधी डोंगरात पावसात सापडला आहात का? अंधार पडत आला आहे, कपडे भिजले आहेत, पाय थकले आहेत आणि आजूबाजूला एकही घर दिसत नाही. अशा वेळी दूरवर एक मिणमिणता दिवा दिसला, तर कसे वाटेल? त्या दिव्यापाशी कोण राहते, ते आपल्या ओळखीचे आहे की नाही, हे आपण विचारणार नाही. आपण सरळ तिकडे चालू लागू.

असा एक दिवा मी पाहिला आहे. त्या रात्रीची आणि विशेषतः दुसऱ्या दिवशीच्या सकाळची गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे. त्या सकाळी माझ्या हातून एक चूक झाली होती. तीही मी लपवणार नाही.

माझे गाव भोर. पुणे जिल्ह्याच्या नकाशात दक्षिणेकडे पाहा. तेथे भोर आणि वेल्हे हे दोन डोंगराळ तालुके तुम्हांला शेजारी शेजारी दिसतील. २०२४ साली राज्य सरकारने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला. पण आमच्या पिढीच्या तोंडी अजून वेल्हे हेच नाव येते. या भागात सह्याद्रीच्या रांगा आहेत. पाऊस भरपूर पडतो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी अशा नद्या येथून वाहतात. वेळवंडी नदीवरचे भाटघर धरण १९२८ साली पूर्ण झाले. डोंगरांच्या माथ्यांवर किल्ले आहेत. भोरकडे रोहिडा आणि रायरेश्वराचे पठार, तर वेल्ह्याकडे तोरणा आणि राजगड.

किल्ल्यांविषयी बोलू लागलो की तुमच्या ओळखीचे अनेक शब्द आपोआप येतात. किल्ला, बुरूज, दरवाजा हे शब्द तुम्ही उर्दूतही ऐकता. बालेकिल्ला म्हणजे वरचा किल्ला. त्यातला 'बाला' तुम्हांला ठाऊक आहेच. मुक्काम हा शब्दही तसाच. या भागाच्या इतिहासातही असे एक नाव आहे. १७०४ साली औरंगजेबाने तोरणा जिंकला, तेव्हा त्याचे नाव 'फुतूहुल्गैब' असे ठेवले. त्याचा अर्थ तुमच्यापैकी कोणी तरी मलाच समजावून सांगेल!

आता राजगडाकडे येऊ. हा गड समुद्रसपाटीपासून १,३०० मीटरांहून अधिक उंच आहे. रायगडाच्या आधी सुमारे पंचवीस वर्षे शिवाजी महाराजांची राजधानी येथे होती. आग्र्याहून सुटून महाराज १६६६ साली येथेच परत आले. राजाराम महाराजांचा जन्म १६७० साली येथेच झाला. मध्यभागी उंच बालेकिल्ला आणि त्याच्या भोवती पद्मावती, सुवेळा व संजीवनी अशा तीन माच्या आहेत. माची म्हणजे डोंगराच्या माथ्याखालची लांबट सपाट जागा. पद्मावती माचीवर पद्मावती देवीचे मंदिर आहे. मंदिरासमोर महाराणी सईबाईंची समाधी आहे आणि मंदिराच्या बाजूला पाण्याचे एक टाके आहे. हे टाके लक्षात ठेवा.

१९९१ सालचा ऑक्टोबर महिना होता. आमची सहामाही परीक्षा नुकतीच संपली होती. आम्ही पाच मित्रांनी राजगडावर जायचे ठरवले. त्यांतला एक मित्र उर्दू शाळेत शिकून आमच्या हायस्कुलात आला होता. तो बोलायला कमी आणि चालायला सर्वांच्या पुढे. आम्ही भोरहून एस. टी. ने नसरापूरला आलो. तेथून दुसऱ्या गाडीने मार्गासनीला उतरलो आणि साखरमार्गे चालत गुंजवण्यास पोहोचलो. वाटेत खेळत, खात बसल्यामुळे गड चढायला सुरुवात करीपर्यंत दुपार कलली होती.

निम्मी चढण झाली आणि आभाळ भरून आले. परतीचा पाऊस कसा असतो, हे तुम्हांला माहीत आहे. तो सांगून येत नाही. पाहता पाहता विजा चमकू लागल्या आणि धो धो पाऊस सुरू झाला. चोरदरवाजाकडे जाणारी ती वाट शेवटी खडकावरून जाते. पाय घसरत होते. एकमेकांचे हात धरून आम्ही कसेबसे दरवाजापर्यंत आलो. वाकून आत शिरलो तेव्हा अंधार पडला होता. समोर पद्मावती तलाव असतो. पण धुक्यात तो दिसतच नव्हता. आता कोठे जायचे? आमच्यातला सर्वांत लहान मुलगा रडायला लागला होता.

तेवढ्यात तो उर्दू शाळेतला मित्र म्हणाला, "तो बघा दिवा!"

तो मंदिरातला दिवा होता. आत मुंबईहून आलेले दहा-पंधरा गिर्यारोहक बसले होते. आम्हांला दारात पाहताच त्यांच्यातला एकजण म्हणाला, "सरका रे सगळे. पोरांना आत घ्या." कोणी आमचे नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. कोणी कोरडा सदरा दिला, कोणी चादर दिली. बाहेर आडोशाला तीन दगडांच्या चुलीवर खिचडी शिजत होती. कोपऱ्यात सुकी लाकडे रचून ठेवलेली होती. ती त्या लोकांनीही आणलेली नव्हती. त्यांच्या आधी येऊन गेलेल्या कोणी तरी ती ठेवली होती. त्या लाकडांमुळेच आम्हांला त्या रात्री गरम खिचडी मिळाली. त्या अनोळखी माणसाचे आभार मानायला तो तेथे नव्हता.

रात्रभर पाऊस कोसळत होता. आम्ही मात्र दाटीवाटीने, पण उबेत झोपलो.

आता त्या सकाळविषयी सांगतो.

पहाटे पाऊस थांबला. मुंबईचे लोक लवकर उठून बालेकिल्ल्याकडे गेले. जाताना त्यांनी जमीन झाडली आणि आपला कचरा पिशवीत भरून घेतला. आम्हांला ते थोडे विचित्रच वाटले. निघताना ते आम्हांला म्हणाले, "पातेली तेवढी घासून ठेवा." आम्ही आनंदाने होकार दिला. रात्री ज्यांनी जेवू घातले त्यांचे एवढे काम करायलाच हवे होते.

आम्ही पातेली उचलली आणि थेट टाक्यावर गेलो. राख आणि माती लावून घासली आणि टाक्यात बुडवून बुडवून धुतली. खिचडीची शिते पाण्यावर तरंगू लागली. तेलाचा पिवळा तवंग पसरला. आम्ही एकमेकांच्या अंगावर पाणी उडवीत हसत होतो.

"अरं बाळांनो, हे काय केलंत?"

मागे वळून पाहिले. एक म्हातारी उभी होती. डोक्यावर ताकाचा हंडा, हातात काठी. ती खालच्या गावातून रोज गड चढून येत असे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना ताक विकत असे. आम्हांला वाटले, आता ही आजी शिव्या देणार. पण ती रागावली नाही. तिने हंडा खाली ठेवला. पदर खोचला. एक वाडगा घेतला आणि टाक्याच्या काठावर बसून ती पाण्यावरचा तवंग अलगद काढून बाहेर टाकू लागली. एक वाडगा, दुसरा वाडगा, तिसरा वाडगा. आम्ही पाहतच राहिलो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "हे पाणी आम्ही बी पितो. तुमच्या मागनं येनारी मानसं बी हेच पिनार. पाणी वरनं भरून घ्यावं आन् लांब जाऊन भांडी घासावी. येवढं बी कुनी शिकवलं न्हाई व्हय?"

आम्ही माना खाली घातल्या. माझा तो मित्र काही न बोलता पुढे झाला. त्याने आजीच्या हातातला वाडगा घेतला आणि तो तवंग काढायला बसला. मग आम्ही सगळेच बसलो. पाणी पुन्हा स्वच्छ दिसू लागायला तास-दीड तास लागला. घाण करायला पाच मिनिटेही लागली नव्हती!

काम संपल्यावर आजीने आम्हांला ताक दिले. पैसे देऊ लागलो, तर तिने निम्मेच घेतले. मित्र मला हळूच म्हणाला, "आमची दादी म्हणते, मुसाफिराने जागा सोडताना ती पुढच्या मुसाफिरासाठी सोडावी. मला आत्तापर्यंत त्याचा अर्थ कळला नव्हता."

गडावरचे टाके म्हणजे नळाची टाकी नव्हे. टाके खडकात कोरलेले असते. पावसाळ्यात ते भरते. मग तेच पाणी पुढचा पाऊस येईपर्यंत पुरवायचे असते. गड बांधणाऱ्यांना याची किंमत माहीत होती. रामचंद्रपंत अमात्यांनी आपल्या 'आज्ञापत्रा'त गडांविषयी पुष्कळ सूचना लिहिल्या आहेत. आधी पाणी पाहावे आणि मगच गड बांधावा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे. भिंत पडली तर पुन्हा बांधता येते. पाणी नसेल तर भिंतीच्या आत राहणार कोण?

पुढे मी शिक्षक झालो. २००२ साली पद्मावती देवीच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला. 'जीर्ण' म्हणजे जुने, झिजलेले आणि 'उद्धार' म्हणजे वर काढणे, वाचवणे. लहानसहान दुरुस्तीला आपण डागडुजी किंवा मरम्मत म्हणतो. जीर्णोद्धार हे त्याहून मोठे काम असते. त्यातही गडावरचे काम फार अवघड. गडावर मोटार जात नाही. दगड असो, वाळू असो, लाकूड असो, वर लागणारी प्रत्येक वस्तू माणसाला डोक्यावरून नाहीतर खांद्यावरून न्यावी लागते. आपण रिकाम्या हातांनी चढतानाही दहा वेळा थांबतो. पाठीवर ओझे असेल तर काय होत असेल, याचा विचार करा.

दुसऱ्या वर्षी मी माझ्या वर्गातील मुलांना घेऊन गडावर गेलो. मंदिर नीटनेटके झाले होते. आत वीस ते तीस माणसे आरामात झोपू शकत होती. आजी भेटली. ती आता पूर्वीसारखी भराभर चढू शकत नव्हती. पण येत होती. मी तिला टाक्याची आठवण करून दिली. ती हसून म्हणाली, "अशी लई पोरं आली आन् गेली. पर तुम्ही वाडगा घेतला होता, त्ये ध्येनात हाय."

त्या रात्री मी मुलांना निजवण्यापूर्वी एकच नियम सांगितला. सकाळी निघताना जागा अशी ठेवायची, की आपण येथे राहिलो होतो हे कोणाला कळता कामा नये. सकाळी मुलांनी जमीन झाडली, पाणी वर काढून लांब नेऊन भांडी घासली आणि कोपऱ्यात सुक्या काटक्यांची एक मोळी ठेवली. त्या मोळीकडे पाहून मला १९९१ सालची खिचडी आठवली.

मित्रांनो, येथेच गोष्ट संपली असती तर किती बरे झाले असते! पण तसे झाले नाही.

पुढे रस्ते चांगले झाले. मोटारी वाढल्या. गडावर येणाऱ्यांची संख्या वाढू लागली. ही खरे तर आनंदाची गोष्ट. परंतु येणारे सगळेच लोक सारखे नसतात. प्लॅस्टिकच्या बाटल्या, पिशव्या, उष्ट्या पत्रावळी यांचे ढीग दिसू लागले. जुन्या भिंतींच्या कडेला चुली पेटू लागल्या. दगड धुराने काळे झाले. काहींनी त्यांवर आपली नावे कोरली. गड म्हणजे रात्री गोंधळ घालण्याची जागा, असे काहींना वाटू लागले. शेवटी २०२२ साली पुरातत्त्व विभागाने राजगडावर रात्री मुक्काम करण्यास मनाई केली.

ती बातमी वाचून मला वाईट वाटले. परंतु रागावू कोणावर? ज्या विभागावर गड सांभाळण्याची जबाबदारी आहे, त्याने आपले काम केले. खरे म्हणजे ते दार बाहेरून कोणी बंद केले नाही. ज्यांना त्या दाराने आत घेतले, त्यांच्यातल्याच काहींनी ते बंद करायला लावले. आणि मी हे कोणत्या तोंडाने म्हणू? टाक्यात पातेली धुणारा एक मुलगा मीही होतोच.

२०२३ च्या हिवाळ्यात मी माझ्या मुलीला घेऊन राजगडावर गेलो. सकाळी चढलो. मंदिर पाहिले, समाधीला नमस्कार केला, टाक्यात डोकावलो. ताक विकायला आता आजीची सून बसते. आजी राहिली नाही. मी सुनेला विचारले, "मुक्काम बंद झाला, हे बरे झाले की वाईट?"

तिने थोडा विचार केला. म्हणाली, "रातची मानसं न्हाईत, तर आमचा सकाळचा चहा-नाष्टा खपत न्हाई. त्ये नुकसान हाय. पर पूर्वी रोज सकाळी पोतंभर कचरा गोळा करावा लागायचा, तो बी आता कमी झाला. मानसं येऊ द्यात की, घान नको."

उन्हे कलली तशी आम्ही उतरू लागलो. मुलगी सारखी मागे वळून पाहत होती. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही जेथे झोपला होतात, तेथे मला झोपता येणार नाही?"

या प्रश्नाला मी काय उत्तर देणार होतो? त्या रात्री आम्ही पायथ्याच्या गावात एका घरी राहिलो. आता त्या गावांत अनेक घरी जेवणाची आणि मुक्कामाची सोय होते. ओसरीवर झोप चांगली लागली. भाकरी आणि पिठले छान होते. तरीही तिच्या प्रश्नाने मला बराच वेळ जागे ठेवले. माझ्या आधीच्या अनोळखी माणसाने माझ्यासाठी सुकी लाकडे ठेवली होती. आमच्या पिढीने तिच्यासाठी काय ठेवले?

प्रवाशांसाठी निवारा बांधण्याची रीत जुनी आहे. शेरशाह सूरीने मोठ्या रस्त्यांवर सराया बांधल्या, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. आपल्याकडे गावोगावी धर्मशाळा होत्या. युरोपात आल्प्स पर्वतात गिर्यारोहकांसाठी झोपड्या आहेत. त्यांपैकी अनेक ठिकाणी हिवाळ्यात रखवालदार नसतो. तरी एक खोली उघडी ठेवतात. बर्फाच्या वादळात सापडलेला माणूस तेथे येऊन राहतो. जाताना त्याने खोली झाडायची, पांघरुणे घडी करून ठेवायची आणि दार नीट लावायचे, अशी पद्धत आहे. पाहायला कोणी नसते. ती खोली भिंतींवर उभी नसते. ती येणाऱ्या प्रत्येकाच्या या सवयीवर उभी असते.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत राजगड आहे. आता जगभरातील माणसे तो पाहायला येतील. मंदिराचा जीर्णोद्धार एकदा झाला, पुन्हाही होईल. भिंती दुरुस्त करणारे कुशल कारागीर आपल्याकडे आहेत. परंतु पाण्यावरचा तवंग काढणाऱ्या आजी किती मिळतील?

तुम्ही कदाचित कधी राजगडावर जाल. जाण्यापूर्वी तेथील नियम विचारून घ्या आणि ते पाळा. दिवस मावळण्यापूर्वी खाली या. आपला कचरा आपल्या पिशवीतून खाली आणा. जमले तर दुसऱ्याची एखादी बाटलीही आणा. चोरदरवाजातून बाहेर पडताना एकदा मागे वळून पाहा. आपण गेल्यावर तेथे कोणी येणार आहे, हे आठवा.

आणि गडावर नाही गेलात, तरी हरकत नाही. तुमच्या शाळेतही पाण्याची टाकी आहे. एस. टी. च्या थांब्यावर बसायला बाक आहे. ज्या बाकावर बसून तुम्ही हा पाठ वाचत आहात, तो पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाचा तरी होणार आहे. तुम्ही त्याचे नाव ओळखत नाही. तोही तुम्हांला ओळखणार नाही. पण तो येईल तेव्हा त्याला बाक स्वच्छ मिळाला, टाकीतले पाणी पिण्याजोगे मिळाले, तर समजा की तुम्ही त्याच्यासाठी कोपऱ्यात सुकी लाकडे रचून ठेवली आहेत.

माझ्या मुलीला मी अजून उत्तर दिलेले नाही. तुम्ही सगळे मिळून ते देऊ शकाल. मला वाटते, कधी तरी द्याल.